लालबाण आणि बटण

सकाळी सहाला बाईंनी पलंगावरून पाय खाली टाकला तो थेट ओल्यात. कोमट ओल्यात. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती त्या दिवशी खरोखरच तळपायापासून निघाली.

"मुतलं! परत मुतलं! कुठंय ते कारटं? आज सोडत नाही मी त्याला!"

कारटं पलंगाखाली होतं. दोन महिन्यांचं, कणकेच्या रंगाचं, एक कान उभा आणि एक आडवा. शेपूट पोटाखाली घालून भिंतीला चिकटलं होतं. बाईंनी मानगुटीला धरून त्याला बाहेर ओढलं, त्याचं नाक त्या ओल्यात घासलं आणि उशाशी तयारच असलेली वर्तमानपत्राची गुंडाळी दोनदा ढुंगणावर हाणली. "इथं? इथं करतात? माझ्या पायाशी?"

पिल्लू केकाटलं. आतल्या खोलीतून मुलगी ओरडली, "आई, मारू नकोस गं त्याला!" मोरीच्या दारात यजमान येऊन उभे राहिले. छातीवरून हात फिरवत म्हणाले, "अगं, ऐक ना, मला जरा..."

"तुम्ही मध्ये बोलू नका! तुम्हीच लाडावून ठेवलंय त्याला!"

यजमानांनी हात खाली घेतला आणि ते फडकं आणायला गेले.

आता कुणी म्हणेल, एवढंसं पिल्लू ते, मुतणार नाही तर काय कविता म्हणणार? खरं आहे. पण हे बाईंच्या तोंडावर म्हणायची त्या घरात कुणाची टाप नव्हती. घरात कशाला, कारखान्यातही नव्हती.

कारखाना शर्टांचा. बाई तिथं चेकर होत्या, सव्वीस वर्षं. लाइनीतून शिवून आलेला एकेक शर्ट त्यांच्या टेबलावर ट्यूबलाइटखाली उताणा पडायचा आणि बाईंची बोटं त्याच्यावरून फिरायची. कॉलरची टोकं सारखी आहेत का, कफ वळलाय का, काज उसवलंय का, बटण हलतंय का. चूक सापडली की त्या जागी लाल कागदी बाण. नखाएवढा, मागून चिकट. बाण लावलेला शर्ट ज्या मशीनवरून आला त्या मशीनवर परत जायचा, आणि बाणाच्या आधी बाईंचा आवाज तिथं पोचलेला असायचा. "अगं, हे काज आहे की उंदराचं बीळ? डोळे घरी ठेवून आलीस का?" चाळीस मशीनं चालू असली तरी तो आवाज शेवटच्या मशीनपर्यंत ऐकू यायचा. बायकांनी त्यांचं नाव ठेवलं होतं लालबाण. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

आणि चांगल्या शर्टाचं काय? काही नाही. चांगला शर्ट घडी होऊन खोक्यात जायचा. चांगल्यावर खूण करायची पद्धतच नव्हती त्या कामात. टेबलाच्या खणात लाल बाणांची पाकिटंच्या पाकिटं पडलेली असायची, दुसऱ्या कुठल्या रंगाचा एक बाण सापडला असता तर शपथ.

मागच्या वर्षी कॉलरच्या मशीनवरच्या बाईने बारा वाकड्या कॉलरी कात्रणांच्या गोणीमागे लपवल्या होत्या. झाडताना सापडल्या. बाईंनी अख्ख्या लाइनीसमोर तिला उभं केलं. "लपवल्यास का? सांगता येत नव्हतं? मशीनची सुई वाकडी झाली होती, लगेच सांगितलं असतंस तर दोन कॉलरींवर भागलं असतं!" कॉलरवाली खाली मान घालून म्हणाली, "तुमच्या भीतीने, बाई." बाई म्हणाल्या, "भीती हवीच!" आणि घरी आल्यावर हा किस्सा त्यांनी यजमानांना मोठ्या तोऱ्यात सांगितला. यजमान हसले. ते नेहमीच हसायचे.

यजमान पोस्टात पत्रं वेगळी करायचे. दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले आणि गेल्या वर्षी त्यांच्या छातीत कळ आली. हृदयाची एक नळी तुंबली होती, तिच्यात स्प्रिंग बसवली. डॉक्टरांनी घरी सोडताना एक कागद दिला, तो बाईंनी फ्रिजवर चुंबकाने लावून टाकला. कागदावर डॉक्टरांनी दोनच गोष्टींखाली दोनदोन रेघा मारल्या होत्या. रोज चाळीस मिनिटं चालायचं. आणि छातीत किंवा डाव्या हातात दुखलं तर त्याच दिवशी सांगायचं, एक दिवससुद्धा अंगावर काढायचं नाही. "दुसरी नळीही थोडी अरुंद आहे," डॉक्टर बाईंना बाजूला घेऊन म्हणाले होते. "आज ना उद्या ती कुरकुर करणार. कळलं लवकर, तर काही नाही. नाही कळलं, तर मग माझ्या हातात काही नाही."

त्या दिवसापासून बाईंच्या डोक्यात एकच भुंगा. हा माणूस जायला नको. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या शर्टातले टाके मोजले, आता या माणसाचा श्वास मोजायचा. आणि काळजीला बाईंच्या तोंडून एकच वाट माहीत होती, ती म्हणजे ओरडणं. जेवणात मीठ दिसलं की ओरडा, जिना भरभर चढले की ओरडा, पंख्याखाली बसले की ओरडा. चालायला जायचा कंटाळा केला तर विचारूच नका. "तुम्हाला काय, तुम्ही सुटाल! मागे राहणार मी!"

पिल्लू आलं ते या चालण्यापायी. मुलगी औषधांच्या दुकानात कामाला. एक दिवस जाळीच्या टोपलीत हे ध्यान घेऊन आली. "बाबांना सोबत होईल. कुत्रं फिरवायचं म्हटलं की माणूस आपोआप चालतो." नाव ठेवलं बटण, नाक काळंभोर गोल होतं म्हणून. बाई तीन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी फर्मान काढलं: महिनाभरात शिकलं तर राहील, नाही तर जिथून आणलंस तिथं परत. यजमानांनी त्या चार दिवसांत पिल्लाला मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं. त्यांचा चेहरा बघून बाईंनी "महिनाभर" म्हटलं, नाही तर आठवडाच म्हणणार होत्या. शिकवायचं कुणी, हा प्रश्नच नव्हता. यजमानांना रागावता येत नाही, मुलीला वेळ नाही.

मग सुरू झालं शिक्षण. बाईंची पद्धत एकच, कारखान्यातली. चूक दिसली की तिथल्या तिथं बाण. सतरंजीवर केलं की नाक घासा, गुंडाळी हाणा, ओरडा. चप्पल चावली की चप्पल दाखवा, गुंडाळी हाणा, ओरडा. पिल्लाने चूक केली नाही की बाई गप्प. आणि खरंच, दहा-बारा दिवसांत फरक पडला! बाईंच्या समोर पिल्लू मुतेनासं झालं. एक थेंब नाही. "बघा," बाई म्हणाल्या, "धाक हवा, धाक."

पण मग ती सकाळ आली, ओल्या पायाची. आणि तिच्यानंतर दुसऱ्याच गोष्टीने बाईंच्या नाकी नऊ आणले. कामावर जायच्या आधी त्या पिल्लाला घेऊन खाली उतरत. मैदानाच्या कडेला झाडं होती, तिथं उभ्या राहत. "कर." पिल्लू बसायचं. "कर म्हटलं ना!" पिल्लू त्यांच्या तोंडाकडे बघायचं आणि आणखी आक्रसायचं. अर्धा तास, पाऊण तास. बाईंचे पाय दुखायचे, घड्याळ पुढे सरकायचं, येणारे-जाणारे हसायचे, आणि पिल्लाची धार काही सुटायची नाही. मग चरफडत तीन मजले वर. दार उघडलं की पिल्लू सुसाट आत पळायचं, आणि दोन मिनिटांत कपाटामागून ती ओळखीची सळसळ ऐकू यायची.

"मुद्दाम करतंय!" बाई किंचाळायच्या. "माझ्यावर सूड उगवतंय हे! एवढंसं आहे पण पोटात पाय आहेत याच्या!" कपाट सरकवायचं, पुसायचं, फिनाइल टाकायचं. नंतर कळलं की पिल्लाने कपाटामागेच नाही, शिवणयंत्राखाली, दाराच्या आड, जुन्या गाद्यांच्या ढिगामागे अशा चार जागा करून ठेवल्या आहेत. बाईंच्या डोळ्यांसमोर कुठंच नाही आणि पाठीमागे सगळीकडे. घरभर वास. 

यजमान मात्र रोज दहाला त्याला घेऊन मैदानावर जायचे. संध्याकाळी बाई कामावरून आल्या की चपला काढायच्या आधी पहिला प्रश्न, "चालणं झालं?"

"झालं. चार फेऱ्या."

"पुरी चाळीस मिनिटं?"

"पुरी."

"कुठं दुखलं-बिखलं?"

"छे गं."

बाई फ्रिजवरच्या कागदाखाली लावलेल्या तक्त्यावर बरोबरची खूण करायच्या. निळ्या पेनने, ठसठशीत. दिवसभरात तेवढीच एक गोष्ट मनासारखी व्हायची.

लसीच्या दिवशी मुलीने बाईंना ओढत जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण मुलीच्याच वयाची. तिने पिल्लाचं पोट चाचपलं, कपाळाला आठी घातली. "लघवी कोंडून धरतंय हे. जंतू झालेत. काकू, बाहेर नेल्यावर करत नाही का?"

"नाही! तासभर उभी राहते मी. घरी येऊन लपून करतं. नाटकी आहे."

"घरात केलं की तुम्ही काय करता?"

बाईंनी सांगितलं. न लाजता सांगितलं, लाजायचं काय त्यात?

डॉक्टरीण हसली नाही, रागावली नाही. म्हणाली, "मग ते बरोबरच शिकलंय. तुम्हाला वाटतं तुम्ही शिकवलंत, घरात मुतायचं नाही. ते शिकलं, या बाईसमोर मुतायचं नाही. बाहेर तुम्ही समोरच उभ्या असता. कसं करणार?" मग पिल्लाचा आडवा कान कुरवाळत तिने विचारलं, "आणि कधी चुकून बाहेर केलंच, तर तुम्ही काय करता?"

"काय करायचं? बाहेरच करायची असते."

"म्हणजे काहीच नाही."

"मुतल्याबद्दल सत्कार करू का त्याचा? शाल-श्रीफळ देऊ?"

"शाल राहू द्या. 'शाब्बास' म्हणा आणि बिस्किटाचा तुकडा द्या. आणि आधी काही दिवस त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहा. त्याच्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही. तुमचा चेहरा दिसला नाही की सुटेल ते. गुंडाळी आजपासून बंद."

बाई दवाखान्यातून बाहेर पडल्या त्या धुमसतच. काल शिंगं फुटलेली पोरगी मला शिकवते! काकू म्हणते! सव्वीस वर्षं माणसं शिकवली मी, एकीच्या हाताखालून वाकडा कफ गेला नाही! रस्ताभर हेच. मुलगी पिल्लाला छातीशी धरून मागून चालत होती.

पण कोंडलेल्या लघवीची बाईंना धास्ती वाटली होती. उद्या हे मेलं तर यजमानांचं काय होईल? म्हणून, निव्वळ म्हणून, दुसऱ्या दिवशी सकाळी त्या झाडाखाली पिल्लाकडे पाठ करून उभ्या राहिल्या. हातात दोरी, तोंड मैदानाच्या भिंतीकडे, कपाळावर आठ्या. मैदानात फिरणारे बघत होते. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी मागे वाळलेल्या पानांवर बारीक आवाज झाला, मग मोठा झाला आणि चांगला लांबला. बाई वळल्या. पिल्लाने मान खाली घातली, आता गुंडाळी येणार म्हणून.

"शाब्बास," बाई म्हणाल्या. शिवी द्यावी तसं म्हणाल्या. पण म्हणाल्या, आणि बिस्किटाचा तुकडा खाली धरला. पिल्लाने आधी तुकड्याकडे, मग त्यांच्याकडे बघितलं. तुकडा घेऊन ते तीन पावलं लांब गेलं आणि तिथं खाल्लं.

चौथ्या दिवशी सुट्टी होती म्हणून मुलगीही खाली आली होती. बाईंची "शाब्बास" ऐकून ती जागच्या जागी थांबली. "आई, तुला येतो हा शब्द?"

"न यायला काय झालं?"

"चोवीस वर्षं झाली मला या घरात. मी वर्गात पहिली आले तेव्हा तू विचारलंस, गणितातले दोन मार्क कुठं गेले. फार्मसीची परीक्षा पास झाले तेव्हा म्हणालीस, एवढा उशीर का लागला. आणि हे कुत्रं मुतलं तर शाब्बास!" तिचा आवाज चढला होता. तोही आईचाच आवाज होता. "मी काय करायला हवं होतं गं? झाडाखाली बसायला हवं होतं?"

"जास्त बोलू नकोस!" बाई कडाडल्या.

पिल्लू दोघींच्या मधे पोट टेकून बसलं. मुलगी फणकाऱ्याने निघून गेली आणि त्या दिवशी जेवली नाही. बाईंनाही घास गेला नाही, पण ते त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. सगळा राग त्यांनी भांड्यांवर काढला. यजमान दोघींना चहा करून देत होते आणि मधूनच डावा दंड दाबत होते. "काय झालं हाताला?" बाईंनी खेकसून विचारलं. "काही नाही, पिशवी उचलली होती," यजमान म्हणाले, आणि हसले.

पुढचा आठवडा बरा गेला. घरातला वास कमी झाला. बटण आता दोन पावलं लांब जाऊन तुकडा खायचं. हो, बाईही त्याला बटण म्हणायला लागल्या होत्या, कुणी नसताना.

मग त्या बुधवारी कारखान्यातला इस्त्रीचा बॉयलर बंद पडला. इस्त्री नाही तर घडी नाही, घडी नाही तर तपासलेले शर्ट ठेवायला जागा नाही. दहाला सगळ्यांना घरी सोडलं. अवेळी घरी जायला मिळालं म्हणून बाईंनाही जरा बरं वाटत होतं. कोपऱ्यावर बटणासाठी बिस्किटांचा पुडा घेतला. मनात आलं, यजमान मैदानावर असतील, त्यांच्याबरोबर एखादी फेरी आपणही मारावी. लग्नानंतर कधी मारली होती कोण जाणे.

मैदानाच्या फाटकातून बाईंनी बघितलं. वाटेवर यजमान नव्हते. झाडांखालच्या बाकावर होते. बसलेले नाही, एका बाजूला कलंडलेले. उजव्या हाताने डावा दंड धरून ठेवला होता आणि तोंड उघडं टाकून श्वास घेत होते. बटण त्यांच्या पायाशी पानं हुंगत गोल गोल फिरत होतं. बाकाच्या शेजारच्या मातीत त्याच्या पंजांनी उकरून उकरून खड्डा केला होता. एका दिवसाचा नव्हता तो खड्डा. कितीतरी दिवस हा माणूस चाळीस-चाळीस मिनिटं याच बाकावर बसत होता.

फ्रिजवरच्या निळ्या खुणा! एकूण एक खोट्या!

"काय चाललंय हे?" बाईंचा आवाज फाटकातूनच सुटला, चाळीस मशीनांवरून जाणारा तो आवाज. "चार फेऱ्या ना? ह्या चार फेऱ्या?"

यजमान दचकून उभे राहिले. आणि उभे राहून त्यांनी काय करावं? चालायला लागले. भरभर. दोरी ओढत, वाटेवर, हात हलवत. "अगं, आत्ताच बसलो होतो जरा. तिसरी फेरी चाललीय... होतेच आता चौथी..." शब्दाशब्दाला धाप लागत होती, ओठ पांढरे पडले होते, आणि ते हसत होते. पानांवर नुकतंच मांडी मोडून बसलेलं बटण अर्ध्यात उठलं, धार तोडून, आणि शेपूट पोटाखाली घालून मातीला चिकटलं.

बाईंच्या तोंडात पुढचं वाक्य तयार होतं. जिभेवर होतं. ते तिथंच राहिलं.

त्यांनी बटणाकडे बघितलं, मग यजमानांकडे. हा माणूस माझ्यासमोर चालत चालत मरेल, पण दुखतंय म्हणून मला सांगणार नाही. आधी कधी आला नव्हता असा राग त्यांना आला, आणि या वेळी तो फेकायला समोर दुसरं कुणीच नव्हतं. सव्वीस वर्षं मी काय केलं? कॉलरी लपवायला शिकवल्या. पोरीला रडू लपवायला शिकवलं. आणि ह्यांना मरण लपवायला शिकवलं मी. मी शिकवलं!

"थांबा," त्या म्हणाल्या. "चालू नका. बाकावर बसा."

"नाही गं, होतच आली..."

"बसा हो. मी... मी बघत नाही. ही बघा, पाठ केली."

आणि बाई खरोखरच वळल्या. मैदानाच्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. हातातला पुडा आवळला जाऊन बिस्किटांचा भुगा होत होता. मागे बाक करकरला. यजमान बसले होते. जोरजोरात चाललेला त्यांचा श्वास ऐकू येत होता. बाईंना वळून बघायचं होतं, त्यांची नाडी धरायची होती, त्यांना गदागदा हलवून विचारायचं होतं की का, का केलंत असं. त्या हलल्या नाहीत. दातांनी ओठ धरून ठेवला.

आधी पानांवर बारीक आवाज आला. बटणाने सोडलं होतं.

मग यजमान म्हणाले, "दुखतंय."

बाईंनी भिंतीवरची नजर हलवली नाही.

"जिना चढलो की दुखतं. आता चाललो तरी दुखतं. आज बसूनही दुखतंय, जबड्यापर्यंत." बाक पुन्हा करकरला. "त्या दिवशी सांगायलाच आलो होतो गं. तुझा पाय ओल्यात पडला ना, त्या सकाळी. पण तू इतकी रागावलेली होतीस. मग म्हटलं उद्या सांगू. मग ते राहतच गेलं."

भिंतीवरचा चुना बाईंना धूसर दिसायला लागला.

"शाब्बास," त्या म्हणाल्या.

मागे हात करून त्यांनी तो धरून ठेवला, रोज सकाळी धरायच्या तसा. हातात बिस्किटाचा भुगा होता. यजमानांनी तो हात धरला. त्यांची बोटं गार पडली होती आणि घामाने ओली होती. तेव्हा बाई वळल्या.

पुढचं सगळं भराभर झालं. रस्त्यावर जाऊन बाईंनी टॅक्सीला अशी हाक मारली की पुढे गेलेली टॅक्सी मागे आली. "कुत्रं चालणार नाही," टॅक्सीवाला म्हणाला. "चालेल!" बाई गरजल्या. "माणूस मरतोय इथं आणि तुला सीटची पडलीय? चालव!" त्याने चालवली. यजमानांचं डोकं त्यांच्या खांद्यावर, बटण मांडीवर. फोनवर मुलीला सांगितलं, ती धावत दवाखान्याच्या दारात आली. तिने आईच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिने बटणाला हातात घेतलं, आणि बाईंनी जाता जाता तिच्या गालावर हात ठेवला. भुगा लागलेलाच. "तुलाही म्हणायचंय मला," त्या म्हणाल्या. "खूप वेळा म्हणायचंय. आत्ता आधी ह्यांचं बघते." मुलगी रडायला लागली.

डॉक्टर तेच होते, दोनदोन रेघांवाले. नळ्या, तारा, पट्ट्या लावून झाल्या. तारांच्या यंत्रातून निघालेला कागद त्यांनी दोनदा बघितला, नर्सला आतली खोली तयार करायला सांगितलं आणि यजमानांच्या कानाशी वाकून विचारलं, "कधीपासून दुखतंय? अगदी खरं सांगा. त्यावरून मला पुढचं ठरवायचंय."

यजमानांनी डॉक्टरांकडे बघितलं नाही. त्यांनी बाईंकडे बघितलं. ओठांवर ते हसू पुन्हा यायला लागलं होतं, छे हो, तसं फारसं काही नाही, असं म्हणणारं.

बाई उठल्या. बसायची लोखंडी खुर्ची त्यांनी दोन्ही हातांनी उचलली, फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. डॉक्टर बघतच राहिले.

"बोला तुम्ही," बाई भिंतीला म्हणाल्या. "मी बघत नाहीये."

मागे यजमानांनी एक श्वास घेतला, आणि सांगायला सुरुवात केली. "चोवीस दिवस झाले," ते म्हणाले.